अॅडमिरल जेम्स वॉटकिन्स : पाणबुडीतून ऊर्जा मंत्रालयात

दीपस्तंभ

नमस्कार मंडळी,

सैन्यातून निवृत्त झालेला वरिष्ठ अधिकारी मंत्रिमंडळात आला, की त्याच्याकडे संरक्षण किंवा गृह खाते जाणार असे आपण धरून चालतो. अमेरिकेचे माजी नौदलप्रमुख अॅडमिरल जेम्स वॉटकिन्स यांना मात्र थोरल्या जॉर्ज बुश यांनी ऊर्जामंत्री केले आणि मार्च १९८९ ते जानेवारी १९९३ अशी जवळजवळ चार वर्षे ते त्या पदावर राहिले. या कारकिर्दीबद्दल थोडे सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

वॉटकिन्स यांचा जन्म ७ मार्च १९२७ रोजी कॅलिफोर्नियातील अल्हाम्ब्रा येथे झाला. त्यांचे आईकडचे आजोबा जॉर्ज वॉर्ड हे सदर्न कॅलिफोर्निया एडिसन या वीज कंपनीचे अध्यक्ष होते, त्यामुळे विजेचा विषय घरातलाच म्हणायचा. १९४९ मध्ये ते अॅनापोलिसच्या नौदल अकादमीतून बाहेर पडले, १९५८ मध्ये यंत्र अभियांत्रिकीची पदव्युत्तर पदवी घेतली आणि पुढे ‘स्नूक’ या अणुशक्तीवर चालणाऱ्या पाणबुडीचे कप्तान झाले. त्यानंतर मनुष्यबळ विभाग, भूमध्य समुद्रातील सहावे आरमार, पॅसिफिक आरमार अशा पायऱ्या चढत १९८२ ते १९८६ या काळात ते नौदलप्रमुख होते. हा चढता आलेख इतर अनेक अॅडमिरलांचाही असतो, म्हणून त्यावर अधिक रेंगाळत नाही.

महत्त्वाची गोष्ट अशी, की त्यांची घडण हायमन रिकोव्हर यांच्या हाताखाली झाली. अमेरिकी नौदलाच्या अणुभट्ट्यांचा सारा कारभार रिकोव्हर यांनी उभा केला. हा कारभार सुरुवातीपासून दोन घरांत राहत आला आहे : एक पाय नौदलात आणि दुसरा पाय आधी अणुऊर्जा आयोगात व १९७७ नंतर ऊर्जा मंत्रालयात. म्हणजे वॉटकिन्स मंत्री म्हणून ज्या इमारतीत शिरले, तिच्या एका खोलीत त्यांचे तारुण्य गेले होते. बाकीच्या खोल्या त्यांनी १९८९ मध्ये उघडून पाहिल्या, आणि त्यांना जे दिसले त्याने ते हादरले, असे त्यांच्या पहिल्या वर्षातील निर्णयांवरून स्पष्ट दिसते.

‘ऊर्जा मंत्रालय’ या नावाने फसगत होते. तेव्हा या खात्याचा निम्म्याहून अधिक पैसा अण्वस्त्रांवर खर्च होत असे. प्लुटोनियम, ट्रिटियम (बॉम्बचा स्फोट वाढवण्यासाठी वापरला जाणारा हायड्रोजनचा किरणोत्सारी प्रकार), समृद्ध युरेनियम आणि बॉम्बचे सुटे भाग बनवणारे कारखाने देशभर पसरलेले होते. ते सरकारी मालकीचे असले तरी चालवत होते खासगी कंत्राटदार. चाळीस वर्षे त्यांच्यावर गुप्ततेचे पांघरूण होते आणि मोजमाप एकच होते, ते म्हणजे उत्पादन. कचरा कुठे पुरला, पिंपे कधीपासून गळत आहेत, कामगारांच्या शरीरात काय गेले, या नोंदी एकतर नव्हत्या किंवा असूनही कोणी मागत नव्हते.

६ जून १९८९ रोजी, वॉटकिन्स यांना पदावर येऊन जेमतेम तीन महिने झाले असताना, एफबीआय आणि पर्यावरण संरक्षण संस्थेच्या अधिकाऱ्यांनी डेन्व्हरजवळच्या रॉकी फ्लॅट्स कारखान्यावर छापा घातला. बॉम्बच्या गाभ्यातले प्लुटोनियमचे गोळे १९५२ पासून इथे घडवले जात होते, आणि १९५७ व १९६९ साली इथे मोठ्या आगीही लागल्या होत्या. सरकारच्या एका हाताने दुसऱ्या हाताच्या कारखान्यावर झडती घ्यावी, हे दृश्य कोणत्याही मंत्र्याला पेचात टाकणारे होते. वॉटकिन्स यांनी खात्याची बाजू लावून धरली नाही. २७ जूनला त्यांनी दहा कलमी कार्यक्रम जाहीर केला. त्यात कंत्राटदाराला कामगिरीनुसार मिळणाऱ्या जादा मोबदल्यापैकी किमान ५१ टक्के भाग पर्यावरण, सुरक्षा आणि आरोग्य यांच्या पालनावर ठरेल, असे कलम होते. ‘टायगर टीम’ नावाची तपासणी पथके निघाली आणि पुढच्या तीन वर्षांत त्यांनी ३५ ठिकाणे तपासली. १९८९ संपण्यापूर्वी रॉकी फ्लॅट्समधले प्लुटोनियमचे काम थांबले आणि ते पुन्हा कधीच सुरू झाले नाही.

माझे म्हणणे थोडक्यात असे : अण्वस्त्र कारखान्यांचा सर्वांत कठोर परीक्षक अणुविरोधी चळवळीतून आला नाही, तो अणुपाणबुडीतून आला, आणि यात योगायोग फारसा नाही. जाणकारांनी यावर लिहावे.

इंजिनरूम

धागा आवडला. मी व्यापारी जहाजांवर इंजिन विभागात बरीच वर्षे काढली आहेत. माझा अणुभट्टीशी संबंध आला नाही, तरी रिकोव्हर यांच्या पद्धतीबद्दल आमच्या व्यवसायात आदराने आणि थोडे बिचकून बोलले जाते, त्यामुळे दोन गोष्टी लिहितो.

जहाजावर कामाचा पाळीअधिकारी बदलतो तेव्हा नोंदवहीत सही होते, आणि त्या सहीनंतर यंत्रात जे होईल त्याचा धनी सही करणारा असतो. ‘मला आधीच्याने सांगितले नव्हते’ हे उत्तर तिथे चालत नाही. रिकोव्हर यांनी हेच तत्त्व टोकापर्यंत नेले. अणुविभागात येऊ इच्छिणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याची मुलाखत ते स्वतः घेत, आणि त्या मुलाखती फार सौम्य नसत. अणुजहाजांचे कप्तान त्यांना थेट पत्रे लिहीत व त्यांत बारीकसारीक दोषसुद्धा कळवावे लागत. दोष कळवला म्हणून कोणाची नोकरी जात नसे, लपवला तर मात्र खैर नसे.

याचे कारण तत्त्वज्ञानात शोधू नये, ते जागेत आहे. पाणबुडीत अणुभट्टी आणि झोपायचा बाक यांत काही मीटर अंतर असते. शंभरेक माणसे त्याच हवेत दोन-दोन महिने श्वास घेतात. तिथे गळतीची नोंद पुढच्या तिमाहीवर ढकलता येत नाही. हॅनफर्डच्या वाळवंटातील किंवा सव्हाना नदीकाठच्या जंगलातील अण्वस्त्र कारखान्यांच्या हाताशी शेकडो चौरस किलोमीटरची जागा होती आणि कचरा खड्ड्यात ढकलून पुढे जाता येत होते. दोन्ही ठिकाणी शास्त्र तेच, पण एकीकडे चुकीची किंमत चूक करणाऱ्याच्या नाकाशी उभी, दुसरीकडे ती नातवंडांच्या विहिरीत. वॉटकिन्स यांना धक्का बसला असेल तर तो या फरकाचा बसला असावा.

शंकासुर

दीपस्तंभ, आपल्या लेखातील तपशील बरोबर आहेत. निष्कर्ष मात्र मला अर्धाच पटतो. सगळे श्रेय अॅडमिरलच्या शिस्तीला देताना त्याच्या आधी घडलेल्या गोष्टी आपण वगळल्या आहेत.

१९८४ मध्ये टेनेसीतील संघराज्य न्यायालयाने ओक रिजच्या वाय-१२ कारखान्याच्या खटल्यात निकाल दिला, की घातक कचऱ्याचा कायदा ऊर्जा मंत्रालयालाही लागू आहे. तोवर अणुकायद्याच्या आडोशाने खाते स्वतःला या कायद्याच्या बाहेर समजत होते. १९८६ मध्ये चेर्नोबिलचा अणुअपघात झाला आणि हॅनफर्डची एन अणुभट्टी जानेवारी १९८७ मध्ये बंद पडली. सव्हाना नदीकाठच्या अणुभट्ट्या १९८८ मध्येच थांबल्या होत्या. ओहायोतील फर्नाल्ड कारखान्यातून युरेनियमची धूळ बाहेर पडल्याचे प्रकरण स्थानिक रहिवासी न्यायालयात लढवत होते, आणि त्याच राज्याचे सिनेटर जॉन ग्लेन आपल्या समितीत वर्षानुवर्षे या खात्याची झाडाझडती घेत होते. (ग्लेनही लष्करी वैमानिकच. अंतराळवीर म्हणून जग त्यांना ओळखते, पण या विषयातील त्यांची चिकाटी कमी मोलाची नाही.) अण्वस्त्र कारखान्यांवर देखरेख करणारे स्वतंत्र सुरक्षा मंडळ स्थापन करण्याचा कायदा अमेरिकी संसदेने १९८८ मध्ये केला. म्हणजे वॉटकिन्स आले तेव्हा दार आधीच मोडकळीस आले होते, त्यांनी ते ढकलले इतकेच.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. नौदलाच्या शिस्तीवरचा त्यांचा विश्वास इतका अढळ होता, की जी यंत्रे मोडीत काढायला हवी होती तीही आपण शिस्तीने चालवू, असे त्यांना वाटले. सव्हाना नदीकाठची के अणुभट्टी ट्रिटियमसाठी पुन्हा सुरू करण्यावर त्यांनी प्रचंड पैसा आणि मनुष्यबळ ओतले. डिसेंबर १९९१ मध्ये तिच्यातून ट्रिटियममिश्रित पाणी नदीत गेले, १९९२ च्या मध्यावर ती थोडा काळ चालली, आणि लगेच पुन्हा बंद झाली, ती कायमची. तोपर्यंत सोव्हिएत संघ नकाशावरून नाहीसा झाला होता आणि एवढ्या ट्रिटियमची गरजच उरली नव्हती. शिस्तीमुळे काम नीट होते. ते काम करायचे की नाही, याचे उत्तर शिस्त देत नाही.

दीपस्तंभ

शंकासुर, न्यायालय आणि ग्लेन यांचा उल्लेख राहून गेला हे मान्य, आणि के अणुभट्टीबाबत आपण लिहिले ते खोडता येण्यासारखे नाही.

तरीही एक मुद्दा नोंदवतो. दार मोडकळीस आले होते हे खरे, पण आतून कडी घालून बसण्याची सोय प्रत्येक मंत्र्याकडे असते. राष्ट्रीय सुरक्षेचे कारण पुढे केले असते तर आणखी काही वर्षे सहज निघाली असती. वॉटकिन्स यांनी उलट वाट धरली, आणि त्याचे सर्वांत ठळक उदाहरण हॅनफर्डचे आहे. नागासाकीवरील बॉम्बचे प्लुटोनियम जिथे तयार झाले, ते हे वॉशिंग्टन राज्यातले ठिकाण. १९४० च्या दशकात तिथून किरणोत्सारी आयोडीन मोठ्या प्रमाणावर हवेत सोडले गेले. डिसेंबर १९४९ मधील ‘ग्रीन रन’ हा प्रयोग तर मुद्दाम केलेला होता. ते आयोडीन गवतावर बसले, गवतातून गाईच्या दुधात उतरले आणि दुधातून मुलांच्या कंठातील ग्रंथीत पोहोचले. शेजारच्या शेतकऱ्यांना मात्र धोका नसल्याचेच वर्षानुवर्षे सांगितले गेले. या प्रकरणाची कागदपत्रे १९८६ पासून बाहेर येऊ लागली होती, पण त्या मात्रा लोकांना अपाय होण्याइतक्या होत्या हे खात्याच्या प्रमुखाने उघडपणे मान्य केले ते जुलै १९९० मध्ये, आणि तो प्रमुख वॉटकिन्स होता. त्याच वर्षी कामगारांच्या आरोग्याचा दीर्घकालीन अभ्यास त्यांनी स्वतःच्या खात्याकडून काढून आरोग्य खात्याकडे सोपवला, कारण आरोपीनेच पंचनामा लिहावा हे त्यांना पटत नव्हते. हा निर्णय घेण्यासाठी बाहेरचा दबाव असावा लागतो हे बरोबर, पण तो घेणारा माणूसही लागतोच.

वाचनवेडी

चर्चेत एक दुवा निसटतो आहे असे वाटते. वॉटकिन्स नौदलातून थेट ऊर्जा खात्यात आले नाहीत. मधली दोन वर्षे माझ्या मते त्यांच्या पुढच्या वागण्याची किल्ली आहेत.

१९८७ मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी एचआयव्ही साथीविषयी १३ सदस्यांचा आयोग नेमला. सदस्यांची निवड पाहून अनेकांनी त्याची थट्टा केली, अंतर्गत भांडणे झाली आणि ऑक्टोबरमध्ये आयोगाच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला. त्यांच्या जागी वॉटकिन्स यांना बसवण्यात आले. निवृत्त अॅडमिरल, श्रद्धाळू कॅथलिक, वैद्यकशास्त्राचा गंध नसलेला माणूस. या नेमणुकीनंतर रुग्णांच्या संघटनांनी आशा सोडून दिली असल्यास त्यांना दोष देता येणार नाही.

प्रत्यक्षात त्यांनी देशभर सुनावण्या घेतल्या, रुग्णांच्या शेजारी बसून त्यांचे ऐकले, आणि जून १९८८ मध्ये जवळपास ६०० शिफारशींचा अहवाल दिला. एचआयव्हीबाधितांशी भेदभाव करण्यास देशपातळीवरील कायद्याने बंदी घालावी ही त्यातील मध्यवर्ती मागणी होती. त्यामागचा त्यांचा तर्क मोठा व्यवहारी होता : नोकरी आणि घर जाण्याची भीती असेल तर कोणी तपासणीला येणार नाही, आणि तपासणीच झाली नाही तर साथ आटोक्यात येणार नाही. ज्या सरकारने नेमले त्यालाच हे पचले नाही व बहुतेक शिफारशी तशाच पडून राहिल्या. मात्र जुलै १९९० मध्ये बुश यांनी सही केलेल्या अपंगांच्या हक्कांच्या कायद्याने एचआयव्हीबाधितांनाही संरक्षण मिळाले.

इंजिनरूम यांनी लिहिलेले ‘दोष कळवणाऱ्याला शिक्षा नाही’ हे सूत्र आणि हा तर्क शेजारी ठेवून पाहावेत. मला तरी दोन्ही एकाच हाताचे वाटतात.

आकडेमोड

सगळी चर्चा अण्वस्त्रांभोवती फिरते आहे. खात्याच्या नावातल्या ‘ऊर्जे’चे काय झाले, तेही पाहायला हवे. इथे वॉटकिन्स यांची कामगिरी बरीच फिकी पडते.

राष्ट्रीय ऊर्जा धोरण आखण्याचे काम बुश यांनी त्यांच्याकडे जुलै १९८९ मध्ये सोपवले. नेहमीप्रमाणे त्यांनी ठिकठिकाणी सुनावण्या घेतल्या. दरम्यान २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेत गिळंकृत केले आणि तेलाचे भाव भडकले. लुईझियाना आणि टेक्ससमधील मिठाच्या भूमिगत गुहांत तेव्हा सुमारे ५९ कोटी पिंपांचा सरकारी राखीव साठा होता. तो भाव वाढू लागताच खुला करावा, असा बराच आग्रह होता. सरकारने आधी ५० लाख पिंपांची चाचणी विक्री तेवढी केली. जानेवारी १९९१ मध्ये हवाई हल्ले सुरू होताना ३.३७५ कोटी पिंपे काढण्याची घोषणा झाली, आणि दुसऱ्याच दिवशी भाव पिंपामागे दहा डॉलरहून अधिक कोसळला. शेवटी फक्त १.७३ कोटी पिंपे विकावी लागली. युद्ध लवकर आटोपेल असा बाजाराचा अंदाज झाला, हेही या घसरणीचे मोठे कारण होते, त्यामुळे सगळे श्रेय साठ्याला देता येत नाही.

फेब्रुवारी १९९१ मध्ये धोरण प्रसिद्ध झाले तेव्हा त्यात देशांतर्गत उत्पादनावर भर होता, अलास्कातील आर्क्टिक वन्यजीव अभयारण्यात तेल काढण्याचा प्रस्ताव होता, आणि बचतीची बाजू लंगडी होती. मोटारींच्या इंधनक्षमतेचे निकष कडक करणे किंवा इंधनावर कर वाढवणे, या दोन्ही गोष्टी व्हाइट हाउसला नको होत्या. नौदलात वरिष्ठाने ‘नाही’ म्हटले की विषय संपतो. मंत्रिमंडळात मात्र तिथून खरा खेळ सुरू होतो : मित्र जमवावे लागतात, बातमी फोडावी लागते, सिनेटरांच्या दारात बसावे लागते. हा खेळ वॉटकिन्स यांना येत नव्हता, किंवा तो खेळणे त्यांना कमीपणाचे वाटत असावे. अलास्काचा प्रस्ताव नोव्हेंबर १९९१ मध्ये सिनेटमध्ये अडला.

त्यातूनही ऑक्टोबर १९९२ मध्ये ऊर्जा धोरण कायदा झाला आणि तो किरकोळ नव्हता. वीज कंपन्यांच्या तारा स्वतंत्र वीज उत्पादकांना वापरू देण्याची वाट त्याने मोकळी केली, अणुवीज केंद्रांच्या बांधकामाचा व चालवण्याचा परवाना एकत्र देण्याची तरतूद पक्की केली, आणि पवनविजेला दर युनिटमागे दीड सेंटची करसवलत दिली. गंमत अशी, की अणुशक्तीच्या माणसाच्या कारकिर्दीत झालेल्या या कायद्यातून नव्या अणुभट्ट्या लगेच उभ्या राहिल्या नाहीत, पवनचक्क्यांच्या शेतांना मात्र ती दीड सेंटची सवलत पुढे फार उपयोगी पडली.

इंजिनरूम

आकडेमोड यांचा मंत्रिमंडळाबद्दलचा मुद्दा पटला. त्याला एक पुरवणी जोडतो. वॉटकिन्स यांच्या शिस्तीचा खात्याच्या प्रयोगशाळांमध्येही खटका उडाला. टायगर टीम लिव्हरमोर, लॉस अलामॉस अशा ठिकाणी पोहोचल्या तेव्हा शास्त्रज्ञांची तक्रार होती, की बॉम्बच्या कारखान्याला लावायची फुटपट्टी संशोधनाच्या टेबलाला लावली जात आहे आणि शिडीवर चिठ्ठी नाही, बाटलीवर लेबल नाही अशा शेकडो शेऱ्यांखाली खरे धोके झाकले जात आहेत. ही तक्रार मला निराधार वाटत नाही. प्रत्येक उणीव सारख्याच ठळक अक्षरांत लिहिणारा तपासनीस आम्हीही पाहिला आहे. त्याचा अहवाल जाडजूड असतो आणि आधी काय दुरुस्त करावे हे त्यातून कळत नाही.

वाचनवेडी

मंत्रिपदानंतर ते काय करत होते?

दीपस्तंभ

समुद्राकडे परतले. २००१ मध्ये राष्ट्रीय महासागर धोरण आयोग नेमला गेला, त्याचे ते अध्यक्ष होते. २००४ मध्ये त्याचा सविस्तर अहवाल आला, आणि एचआयव्ही आयोगाप्रमाणे लोक त्यालाही ‘वॉटकिन्स आयोग’च म्हणत. २६ जुलै २०१२ रोजी व्हर्जिनियातील अलेक्झांड्रिया येथे वयाच्या ८५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

शंकासुर यांच्या के अणुभट्टीबद्दल एक तपशील सांगायचा राहिला. रॉकी फ्लॅट्स स्वच्छ करायला सुरुवातीच्या अंदाजाने ६५ वर्षे आणि ३७ अब्ज डॉलर लागणार होते. ते काम २००५ मध्ये सुमारे ७ अब्ज डॉलरमध्ये उरकले, आणि आता त्या आवारातील मोठा भाग वन्यजीवांसाठी राखीव आहे. पण तिथले प्लुटोनियम कुठेतरी न्यावे लागणारच होते. त्यातले बरेच २००२-०३ मध्ये पहारा असलेल्या गाड्यांतून सव्हाना नदीकाठी गेले. तिथे ते ज्या जाड भिंतींच्या इमारतीत ठेवले, ती के अणुभट्टीचीच इमारत होय. वॉटकिन्स यांना जी चालू ठेवता आली नाही ती अणुभट्टी आज त्यांनी बंद केलेल्या कारखान्याच्या मालाचे कोठार आहे.

शंकासुर

हे मला ठाऊक नव्हते. माझा दुसरा आक्षेप अर्थातच कायम आहे. फक्त ‘ओतलेला पैसा वाया गेला’ असे मी यापुढे लिहिणार असलो, तर इमारत वगळून लिहीन.